ओसाड वास्तूंचा सोबती : राजा दीनदयाळ

पावसाळा लागला की इंदूरहून मांडूला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. जहाज महालाच्या गच्चीवर उभे राहायला जागा मिळत नाही आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. अलीकडे तर तरुण मंडळींमध्ये पडके वाडे, बंद पडलेल्या गिरण्या, निर्जन गढ्या शोधत हिंडण्याचा आणि त्यांचे फोटो काढण्याचा छंदच निर्माण झाला आहे. घरातली वडीलधारी माणसे विचारतात, त्या ओसाड जागेत काय ठेवले आहे? या प्रश्नाचे उत्तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या इंदुरातल्याच एका सरकारी नोकराने आपल्या कामातून देऊन ठेवले आहे. त्यांचे नाव लाला दीनदयाळ. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली आणि जग त्यांना राजा दीनदयाळ म्हणून ओळखू लागले. मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा त्यांच्यावरच लिहावे असे आम्ही ठरवले. आम्हीही बांधकामाचा डिप्लोमा घेऊन सरकारी नोकरीत आलेले, त्यामुळे या माणसाबद्दल आम्हाला थोडी जास्त आपुलकी वाटते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन जवाहिऱ्याच्या घरात झाला. घरचा धंदा हिऱ्या-माणकांचा, पण मुलगा गेला रुरकीला. तिथल्या थॉमसन कॉलेजात इंग्रज सरकार सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करत असे. आजचे रुरकीचे आयआयटी म्हणजे तीच संस्था. तिथे दीनदयाळ मोजणी शिकले, नकाशे काढायला शिकले, एस्टिमेट करायला शिकले. १८६६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते इंदूरच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले.

त्या काळचे इंदूर डोळ्यांसमोर आणावे. गादीवर तुकोजीराव होळकर दुसरे होते. पैशाच्या आणि कारभाराच्या बाबतीत मोठे जाणते राजे म्हणून त्यांची ख्याती होती. खांडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून त्यांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले होते. शहराला लागून रेसिडेन्सी होती आणि मध्य भारतातल्या सगळ्या संस्थानांवर देखरेख करणारा गव्हर्नर जनरलचा एजंट तिथेच राहत असे. म्हणजे एका बाजूला होळकरांचे दरबारी इंदूर आणि दुसऱ्या बाजूला साहेबांचे इंदूर. दीनदयाळांची कचेरी या दोहोंच्या मधोमध. त्यांच्या पुढच्या आयुष्याला या जागेचा फार उपयोग झाला.

नोकरीत सात-आठ वर्षे काढल्यावर, १८७४ च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सुरुवात हौसेपोटी झाली, पण हात चांगला बसला. तुकोजीरावांनी त्यांची पाठ थोपटली आणि त्यांची ओळख एजंट सर हेन्री डेली यांच्याशी करून दिली. आपल्या डेली कॉलेजला ज्यांचे नाव आहे तेच हे डेली. पुढे लॉर्ड नॉर्थब्रुक या व्हाइसरॉयांची छायाचित्रे काढण्याची संधी आली आणि १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले त्या दौऱ्याची चित्रेही दीनदयाळांनी टिपली. इंदुरात त्यांचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला. नोकरी मात्र चालूच होती.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना सांगितलेच पाहिजे. फिल्म नव्हती, काच होती. काच स्वच्छ पुसून तिच्यावर कोलोडियन नावाचे चिकट द्रव्य सगळीकडे सारखे ओतायचे, मग ती काच अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. माळव्यातल्या उन्हाळ्यात वारा सुटला की काच हातातच वाळायची आणि मेहनत फुकट जायची. म्हणून डोंगरावर जा की जंगलात जा, अंधाराचा तंबू, औषधांच्या बाटल्या, पाणी आणि काचांच्या पेट्या बरोबर न्याव्याच लागत. त्यात फोटो मोठा करण्याची सोय रोजच्या वापरात नव्हती. दहा बाय बारा इंचांचे चित्र हवे तर काचही तेवढीच आणि कॅमेराही त्या मापाचा. १८८० च्या आसपास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा हा त्रास पुष्कळ कमी झाला. तरी काचेचे वजन ते काचेचेच, आणि बैलगाडीला एक धक्का बसला की आठवड्याचे काम गेले.

असा सारा संसार घेऊन दीनदयाळ ज्या कामासाठी निघाले, त्याच कामामुळे आम्हाला ते मोठे वाटतात. डेलींच्या नंतर सर लेपल ग्रिफिन एजंट म्हणून आले. त्यांना मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंची चित्रे करून हवी होती. १८८० नंतरच्या काही वर्षांत दीनदयाळ त्यांच्याबरोबर बुंदेलखंड आणि आसपासचा मुलूख हिंडले. ग्वाल्हेर, ओरछा, दतिया, खजुराहो, सांची, मांडू ही सगळी ठिकाणे त्यांनी काचेवर उतरवली. त्यातून निवडलेल्या चित्रांचा, मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरचा ग्रिफिन यांचा मोठा ग्रंथ १८८६ साली लंडनला निघाला.

आज या ठिकाणी तिकीटखिडकी आहे, हिरवळ आहे, माहितीचा फलक आहे. तेव्हा ती काय अवस्थेत होती ते पाहावे. मांडू ही माळव्याच्या सुलतानांची राजधानी. १६१७ मध्ये जहांगीर बादशहा तिथे कित्येक महिने राहिला होता. त्यानंतर हळूहळू वस्ती गेली आणि रान आले. पुढे हा मुलूख धारच्या पवारांकडे आला, पण राजधानी धारला राहिली. मांडूच्या पठारावर महाल, मशिदी आणि तलाव झाडीत बुडून गेले. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामधला जहाज महाल, तिरक्या भिंतींचा हिंडोळा महाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, या सगळ्यांभोवती जंगल माजले होते.

ओरछाची गोष्ट वेगळी. बुंदेल्यांनी १७८३ मध्ये राजधानी टेहरीला, म्हणजे आजच्या टीकमगढला, हलवली आणि बेटवेच्या काठचे एवढे मोठे राजवाडे मागे रिकामे राहिले. दतियाचा वीरसिंहदेवांचा सात मजली महाल तर राजघराण्याने कधी राहायलाच वापरला नाही असे सांगतात. खजुराहोची देवळे एका लहानशा खेड्याच्या कडेला उभी होती. सांचीच्या स्तूपाला आधी हौशी खोदकाम करणाऱ्यांनी पुष्कळ इजा केली होती. १८८१ ते ८३ या काळात मेजर कोल यांनी झाडी काढून, पडलेली तोरणे उभी करून डागडुजी केली. ग्वाल्हेरचा किल्ला ओसाड नव्हता, पण तो शिंद्यांच्या हाती नव्हता. १८५८ पासून तिथे इंग्रजांचे लष्कर होते आणि १८८६ मध्ये तो शिंदे सरकारला परत मिळाला. मानसिंह तोमराच्या मानमंदिराची निळी-पिवळी टाइल्सकामे तेव्हा लष्करी छावणीच्या सोबतीला उभी होती.

दीनदयाळांची चित्रे नीट पाहिली की ड्राफ्ट्समनची नजर लगेच ओळखू येते. इमारतीच्या उभ्या रेषा अगदी ओळंब्यात. दर्शनी बाजू एलेव्हेशन काढावे तशी समोरासमोर, किंवा एका कोपऱ्यातून दोन बाजू दिसतील अशी घेतलेली. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, म्हणजे नक्षीला खोली येते. पुष्कळदा कमानीत किंवा पायऱ्यांवर एखादा माणूस उभा केलेला असतो. तो तिथे शोभेसाठी नाही. त्याच्या उंचीवरून खांब किती हात उंच आहे याचा अंदाज येतो. आम्ही साइटवर फोटो काढताना भिंतीला टेप किंवा पट्टी लावतो, तोच हा प्रकार. त्या काळी काचेला प्रकाश जास्त वेळ लागे, म्हणून त्या माणसाला श्वास रोखून स्तब्ध राहावे लागे. त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. पण त्यांच्याशिवाय त्या वास्तूंचे माप आपल्याला कळले नसते, म्हणून त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

आता जरा त्यांच्या संसाराकडे पाहू. चाळिशी ओलांडलेला माणूस, पेन्शनची सरकारी नोकरी, आणि समोर खर्चिक धंदा. आमच्या वयाच्या कुणाही नोकरदाराला या प्रसंगाची कल्पना येईल. दीनदयाळांनी आधी लांब रजा घेतली आणि नंतर नोकरीचा राजीनामाच दिला. १८८५ साली व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास सहावे निजाम महबूब अली पाशा यांच्या दरबारात त्यांना जागा मिळाली आणि त्यांनी इंदूर सोडून हैदराबादचा रस्ता धरला. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. राणी व्हिक्टोरियाकडूनही सनद मिळाली. निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार.

हैदराबादला त्यांनी दरबार, शिकारी, मेजवान्या आणि लष्करी कवायती यांची हजारो चित्रे काढली. १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. पुढे मुंबईतही मोठा स्टुडिओ उघडला. पण एवढ्या झगमगाटात त्यांनी जुन्या वास्तूंना सोडले नाही. गोवळकोंड्याचा किल्ला आणि कुतुबशाही कबरी त्यांनी टिपल्या. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, म्हणून देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा, किल्ला आणि वेरुळचे कैलास लेणे यांचीही त्यांच्या स्टुडिओने काढलेली चित्रे आज आपल्याला पाहायला मिळतात. इंदूर असो, ग्वाल्हेर असो की हैदराबाद, आपली मराठी माणसे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली त्या बहुतेक मुलखातून हा माणूस कॅमेरा घेऊन गेलेला आहे.

शेवटची वर्षे सुखाची नव्हती. ज्ञानचंद आणि धर्मचंद हे दोघे मुलगे धंद्यात होते. त्यातला धर्मचंद १९०४ मध्ये गेला. त्या धक्क्यानंतर वर्षभरातच, १९०५ च्या जुलै महिन्यात, दीनदयाळांनीही देह ठेवला. १९११ मध्ये महबूब अली पाशाही गेले आणि ज्या दरबाराने हा स्टुडिओ पोसला तो काळ संपला. काचा मात्र घराण्याने सांभाळल्या. १९८९ साली त्यातल्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. २००६ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

या कामाचे मोल कशात आहे, ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. जुन्या वास्तूची दुरुस्ती करायची तर पहिला प्रश्न येतो, ही पूर्वी होती कशी? पडलेला सज्जा किती पुढे आला होता, कमानीवर कळस होता की नव्हता, गिलावा कुठपर्यंत होता, हे दगड सांगत नाहीत. कागदही बहुधा सांगत नाहीत. अशा वेळी सरळ उभ्या रेषांतले, स्पष्ट, तारीख लिहिलेले एक चित्र शंभर पानी अहवालापेक्षा उपयोगी पडते. १९८४ मध्ये आपला राजवाडा जळाला तेव्हा इंदूरकरांना हे चांगलेच उमगले. त्या दिवसानंतर घराघरांत राजवाड्याचा जुना फोटो जपून ठेवू लागलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आणि किल्ले-महालांचे रक्षण करायला निदान सरकारी खाते आहे. आपल्या वाड्यांना कोण आहे? आपल्या आजोबा-पणजोबांनी इंदुरात बांधलेले चौकाचे वाडे, कोरीव लाकडी खांब, तुळशीवृंदावने, माजघरातले कोनाडे आमच्या डोळ्यांदेखत एकेक करून जात आहेत. त्या जागी मजले उभे राहतात आणि वाटण्या होतात. यात कुणाला दोष देण्यासारखे नाही. पागडीच्या भाडेकरूंनी भरलेला, गळका वाडा सांभाळणे काय असते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. पाडण्याचे कारण खरे असेलही. पण पाडण्याआधी एक दिवस फोटोला देणे कुणालाच जड नाही. दीनदयाळांना त्यासाठी बैलगाडी लागत असे, आपल्याला खिशात हात घालावा लागतो.

म्हणून तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे. पडक्या जागी जायचे तर मालकाला विचारून जा, एकटे जाऊ नका, पावसाळ्यात कुजक्या जिन्यावर आणि माळवदावर पाय ठेवू नका. स्वतःचा फोटो काढा, पण एक फोटो वास्तूचाही काढा. समोरून, सरळ, पूर्ण. एक दाराचा, एक जिन्याचा, एक छताचा. शक्य तर चौकटीशेजारी कुणाला तरी उभे करा, म्हणजे माप कळेल. त्या माणसाचे नावही लिहा.

आणि वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, या दहा दिवसांत मंडपात येताना घरातल्या ट्रंकेतला वाड्याचा जुना फोटो घेऊन या. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहा : कुठली गल्ली, कुणी बांधला, कोणत्या साली पाडला, कोण कोण राहत होते. मंडळातली मुले त्याची प्रत काढून मूळ फोटो तिथल्या तिथे परत देतील. विसर्जनापर्यंत असे पन्नास फोटो जमले, तरी पुढच्या पिढीला आपले जुने इंदूर कसे होते ते विचारायला एक जागा होईल.