पंजाबराव आणि अंबादेवीचा लढा

डॉ. पंजाबराव देशमुख म्हटले की शिवाजी शिक्षण संस्था आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ आठवते. चळवळीच्या माणसाने मात्र त्यांना आणखी एका कारणासाठी ओळखले पाहिजे.

२७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळच्या शेतकरी घरात ते जन्मले. विलायतेत वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन परतले. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य समाज उभा राहिला. १३ नोव्हेंबरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. कुणबी समाजात जन्मलेले पंजाबराव या लढ्यात अस्पृश्यांच्या बाजूने उतरले. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. नंतर ते संविधान सभेचे सदस्य आणि केंद्रात कृषिमंत्री झाले. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यापीठाला नाव सरकार देते. पण कोणत्या गावची विहीर कोणी आधी शिवली, परिषदेला आपल्या वस्तीतून कोण गेले, हे सरकार लिहून ठेवणार नाही. ते आपल्याच घरांतील जुन्या पेट्यांत आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे. दरवर्षी एक म्हातारा जातो आणि एक पान कायमचे फाटते. म्हणून अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक विहाराने जयंतीच्या वर्गणीतून थोडा पैसा काढावा. पत्रके, फोटो, आठवणी जमा कराव्यात. आपला इतिहास आपणच राखला पाहिजे.