पेटीवाला मॅक्लीन

बालमित्रांनो, बुइटनव्हेल्डर्टच्या आपल्या वर्गापासून रॉटरडॅम बंदर फार दूर नाही. तुमच्यापैकी काहींनी ते बोटीतून पाहिलेही असेल. आमचा संसार इथे आला तो जहाजानेच. न्हावा-शेवाहून निघालेल्या एका कंटेनरच्या कोपऱ्यात आमचा कुकर, पोळपाट-लाटणे आणि पुस्तकांची खोकी होती. ही लोखंडी पेटी जगभर रूढ करणाऱ्या माणसाची हकीकत आज सांगतो.

माल्कम मॅक्लीनचा जन्म १९१३ साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या मॅक्सटन या लहान गावी झाला. घरची शेती, भावंडे पुष्कळ. १९३१ साली शाळा संपली तेव्हा मंदीचे दिवस होते, कॉलेजला पैसे नव्हते. त्याने पेट्रोल पंपावर नोकरी केली, पैसे साठवून एक जुना ट्रक घेतला आणि १९३४ साली भाऊ-बहिणीला बरोबर घेऊन मालवाहतूक सुरू केली. वीस वर्षांत त्याचे सतराशेवर ट्रक झाले.

१९३७ साली तो कापसाचे गठ्ठे घेऊन न्यूयॉर्कजवळच्या होबोकेन बंदरात गेला आणि दिवसभर ट्रकमध्ये बसून राहिला. एकेक गठ्ठा उचलून जहाजात जात होता. ही गोष्ट त्याने स्वतःच बऱ्याच वर्षांनी सांगितली, त्यामुळे तिला थोडे तिखट-मीठ लागले असावे असे आम्हाला वाटते. पण बंदरे चालत होती ती अशीच. आमचे एक काका मुंबईच्या गोदीत होते. पोती, पिंपे, खोकी, सगळे माणसांच्या टोळ्या हाताने लावत. पाऊस आला की ताडपत्री टाकून काम थांबे. जहाज जितके दिवस समुद्रात, तितकेच दिवस धक्क्याला. आणि उभे जहाज कमाई करीत नाही, नुसता खर्च करते.

मॅक्लीनने नेमके हेच हेरले. जहाज वेगाने पळवण्यापेक्षा त्याचे उभे राहणे कमी करायचे. आधी त्याला ट्रकचा सबंध ट्रेलरच जहाजावर चढवायचा होता, पण चाके उगाच जागा खातात. मग चाके खालीच ठेवून फक्त पेटी उचलायची असे ठरले. अमेरिकन कायद्याप्रमाणे ट्रक कंपनी आणि जहाज कंपनी दोन्ही एकाच्या हाती ठेवता येत नसत. म्हणून त्याने वाढवलेला धंदा १९५५ साली सोडला आणि जहाजे घेतली.

२६ एप्रिल १९५६ रोजी नेवार्क बंदरातून आयडियल-एक्स हे जुने तेलवाहू जहाज ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघाले. एक पेटी चढवायला सुमारे ७ मिनिटे लागली. मुलांनो, ५८ ला ७ ने गुणा आणि किती तास झाले ते काढा. सुटा माल चढवण्याचा खर्च टनाला जवळजवळ सहा डॉलर होता, तो इथे सोळा सेंटवर आला.

आम्हा इंजिनिअर मंडळींना मात्र त्याची दुसरीच गोष्ट मोठी वाटते. पेटीच्या आठ कोपऱ्यांना भोके असलेले पोलादी ठोकळे असतात, त्यांतच क्रेनचे आकडे अडकतात. त्याचा इंजिनिअर कीथ टॅन्टलिंगर याने बसवलेल्या या रचनेचे पेटंट मॅक्लीनच्या कंपनीकडे होते. १९६३ साली त्याने ते सर्वांना मोकळे केले. म्हणून आज कोणत्याही देशाची पेटी कोणत्याही बंदरातल्या क्रेनला उचलता येते.

१९६६ च्या वसंतात त्याच्या सी-लँड कंपनीचे फेअरलँड जहाज २३६ पेट्या घेऊन रॉटरडॅमला आले. पुढे १९९३ साली मासव्हलाक्टे येथे सी-लँडसाठीच बिनचालक गाड्यांचे टर्मिनल सुरू झाले. त्या गाड्या आम्ही प्रथम पाहिल्या तेव्हा काका आठवले, कारण कुठे माणूसच दिसत नव्हता. न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांनी १९६० च्या दशकात संप करून, काम गेले तरी उत्पन्न मिळेल असा करार मिळवला. काकांच्या टोळीला तसे काही मिळाले नाही. टोळी लहान होत गेली आणि काका मुदतीआधीच निवृत्त झाले. मॅक्लीनचे नाव आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हते. पेट्या आल्या, एवढेच ते सांगत.

मॅक्लीनचाही हिशेब एकदा चुकला. तेल महाग असताना त्याने नव्या कंपनीसाठी बारा प्रचंड पण संथ जहाजे बांधून घेतली. मग तेल स्वस्त झाले, वेगवान जहाजांनी गिऱ्हाइके पळवली आणि १९८६ साली कंपनीचे दिवाळे निघाले. हजारो लोकांची नोकरी गेली. हे त्याच्या मनाला फार लागले, तो लोकांत मिसळेनासा झाला. तरी काही वर्षांनी, सत्तरी उलटल्यावर, त्याने पुन्हा एक लहान जहाज कंपनी काढलीच.

२५ मे २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला. अंत्यविधीच्या सकाळी जगभरच्या कंटेनर जहाजांनी भोंगे वाजवले.