एन्रिको फर्मी : जन्म, श्रम आणि श्रेय

एन्रिको फर्मी यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोम येथे झाला. १९३८ मध्ये इटलीने ज्यूंचे हक्क हिरावणारे वंशभेदी कायदे केले. पत्नी लॉरा ज्यू होत्या. म्हणून स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिक स्वीकारून हे कुटुंब मायदेशी न परतता अमेरिकेस गेले.

पुढे लॉस अलामोस येथे फर्मी, पास्ता व उलाम यांनी मॅनिॲक संगणकावर कणांच्या साखळीची अरेषीय कंपने अभ्यासली. ऊर्जा सर्व कंपनप्रकारांत विखुरेल, ही अपेक्षा खोटी ठरली. ती जवळजवळ मूळ प्रकारात परतली.

२८ नोव्हेंबर १९५४ रोजी फर्मी निवर्तले. १९५५ च्या अहवालाच्या लेखकांत आज्ञावली रचणाऱ्या मेरी त्सिंगू नव्हत्या. आज त्यांचे नाव या प्रयोगाशी सन्मानाने जोडले जाते. जन्मावरून हक्क नाकारणे जसा अन्याय, तसाच श्रमाचे श्रेय नाकारणे हाही अन्यायच.