दहा सेंटची वही

पावसाळ्यात शहापूरला बहिणीकडे गेलो, की गच्चीवर बसून माहुलीवर उतरणारे ढग पाहायचे, हा माझा जुना शिरस्ता. यंदा मात्र भाच्याने मला संगणकापुढे नेऊन बसवले. विमान चालवण्याचा खेळ होता तो. रात्रीची वेळ, मुंबईला उतरायचे आणि पडद्यावर नुसते ढग!

शेजारी रेषा आणि आकड्यांनी भरलेला एक कागद होता. भाच्याने तो समजावून दिला. वर, आकाशातून पाहावी तशी विमानतळाकडे येणारी वाट. खाली तीच वाट बाजूने पाहिलेली, जिन्यासारखी उतरत जाणारी. प्रत्येक पायरीवर एक उंची. त्या टप्प्यात तिच्याखाली यायचे नाही. शेवटच्या उंचीवरही धावपट्टी दिसली नाही, तर हट्ट न करता पुन्हा वर जायचे. ती वाटही आखलेली. कागदावर नाव होते जेपसन.

मी मुरबाडचा, भूगोलाचा निवृत्त मास्तर. नकाशा कुणी काढला हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

एल्रे जेपसन १९०७ साली अमेरिकेतल्या लुइझियानात जन्मले. आईवडील डेन्मार्कहून आलेले. १९३० मध्ये ते रॉकी पर्वतावरून टपालाची विमाने नेऊ लागले. तेव्हा वैमानिक मोटारींच्या रस्त्यांचे नकाशे घेऊन, आगगाडीच्या रुळांवर नजर ठेवून उडत. धुके आले की सारेच संपले. त्या हिवाळ्यात जेपसन यांचे कित्येक सहकारी गेले.

त्यांनी दहा सेंट देऊन एक छोटी काळी वही घेतली. कुठले मैदान किती लांब, कुठे चढ, कुठे तारा, सारे तीत टिपले. हवा कशी आहे हे सांगतील अशा शेतकऱ्यांचे फोन नंबरही. सुट्टीच्या दिवशी उंची मोजण्याचे यंत्र घेऊन ते टेकड्या, धुराडी आणि पाण्याच्या टाक्या चढत. सोबती वही मागू लागले. १९३४ पासून घराच्या तळघरातून तिच्या प्रती दहा डॉलरला विकल्या जाऊ लागल्या. १९३६ साली त्यांनी नदीन या हवाई सुंदरीशी लग्न केले. पुढे अमेरिकन सरकारनेही उतरण्याच्या पद्धती ठरवताना त्यांची मदत घेतली. १९६१ मध्ये त्यांनी कंपनी विकली, १९९६ साली त्यांचे निधन झाले. डेन्व्हरच्या विमानतळाच्या टर्मिनलला त्यांचे नाव आहे.

मी हे वाचत होतो, तेवढ्यात भाच्याचे विमान आदळले. मुंबई जवळ आली असे वाटून तो आकड्याखाली उतरला होता. हसून त्याने खेळ पुन्हा सुरू केला.

मला हसू आले नाही. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, मुंबईला येणारे एक इटालियन विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. आमच्या मुरबाडहून नाणेघाट चढून गेले, की पलीकडे जुन्नर. विमानातले ९४ जण गेले, एकही वाचला नाही. चौकशीत निघाले ते हेच. मुंबई होती त्याहून जवळ आहे असा वैमानिकाचा समज झाला आणि ठरलेल्या सुरक्षित उंचीखाली विमान आले.

भाच्याला मी हे सांगितले. तो गप्प झाला. मग त्याने कागद जवळ ओढला आणि पहिल्या पायरीचा आकडा बोट ठेवून वाचला.