सुवर्णमुखी संत जॉन आणि २५ डिसेंबर

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठे आहे? गेल्या वर्षी हा प्रश्न आठवीतल्या एका मुलाने विचारला. मोबाईलवर आलेला एक संदेश त्याने वाचला होता. नाताळ हा मुळात रोमन लोकांचा सूर्याचा सण, ख्रिस्ती लोकांनी तो उचलला, असे त्यात ठासून लिहिले होते. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता. आपल्याला कोणीतरी फसवले, असे त्याला वाटत होते.

तारीख बायबलमध्ये नाही, हे मी त्याला सरळ सांगून टाकले. मग त्याला एका संताची गोष्ट सांगितली. नाताळचा सण ज्यांच्या गावात अगदी नवा होता आणि त्यावरून भाविकांमध्ये वाद चालला होता, त्या संताची. तीच गोष्ट आज आपल्या वाचकांसाठी.

संत जॉन यांचा जन्म इ.स. ३४९ च्या सुमारास सिरियातील अंत्युखिया नगरीत झाला. प्रेषितांच्या कार्यात आपण वाचतो की, येशूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम याच शहरात मिळाले. हे शहर आज तुर्कस्तानात आहे, त्याचे नाव अंताक्या. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्याची फार मोठी हानी झाली. जॉन तान्हे असतानाच त्यांचे वडील वारले. आई अँथुसा तेव्हा अवघ्या विशीतली. तिने पुन्हा लग्न केले नाही. मुलाला उत्तम शिक्षण मिळावे म्हणून तिने त्याला लिबानियस या नामांकित शिक्षकाकडे धाडले. हा लिबानियस मूर्तिपूजक होता आणि वक्तृत्व शिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. असे सांगतात की, मरणशय्येवर त्याला वारसदार कोण असे विचारले, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी पळवला नसता तर जॉनच, असे त्याने उत्तर दिले.

शिक्षण झाल्यावर जॉन यांनी स्नानसंस्कार घेतला. त्यांना डोंगरावर जाऊन तपस्वी व्हायचे होते, पण मला दुसऱ्यांदा विधवा करू नकोस, अशी आईने विनवणी केली आणि ते काही काळ थांबले. पुढे डोंगरावर गेलेच. चार वर्षे एका वृद्ध साधूजवळ आणि दोन वर्षे एकट्याने गुहेत काढली. अन्न कमी, झोप त्याहून कमी, वर थंडी. पोट आणि मूत्रपिंडे कायमची बिघडली. ते शहरात परतले, ३८१ मध्ये उपधर्मगुरू झाले आणि ३८६ च्या आरंभी बिशप फ्लेवियन यांनी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली. लगेच प्रवचनाची जबाबदारीही त्यांच्यावर आली. म्हणजे ३८६ चा नाताळ हा धर्मगुरू म्हणून त्यांचा पहिलाच नाताळ. (काही अभ्यासक ते प्रवचन ३८८ चे मानतात, पण बहुतेकांचा कल ३८६ कडे आहे.)

तोवर अंत्युखियात काय प्रथा होती? पूर्वेकडील ख्रिस्तसभा ६ जानेवारीला प्रभूचे प्रकटीकरण साजरे करीत असे. पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशी प्रभूचा जन्म आणि स्नानसंस्कार दोन्हींचे स्मरण होई. पहिल्या दोन-अडीच शतकांत तर जन्मदिवसाचा स्वतंत्र सण असल्याचा पुरावा मिळतच नाही. सण होता तो पुनरुत्थानाचा. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट यांनी जन्माच्या वेगवेगळ्या तारखा मांडणाऱ्या लोकांचा उल्लेख केला आहे. त्यातली एक आपल्या २० मे रोजी येते. पुढे ओरिजेन या पंडिताने बायबलकडे बोट दाखवून म्हटले की, वाढदिवस साजरे केले ते फारो आणि हेरोद यांच्यासारख्या पापी लोकांनी. २५ डिसेंबर ही तारीख आली ती रोमकडून. तेथे ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात ती स्पष्ट नोंदली आहे आणि त्यातली ती यादी ३३६ पर्यंत मागे जाते.

हीच ती जागा, जिथून सूर्याची गोष्ट सुरू होते. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात २५ डिसेंबरला 'अजिंक्य' देवाचा जन्मदिन आणि रथांच्या शर्यती अशी नोंद आहे. अजिंक्य म्हणजे सूर्यदेव. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये या सूर्यदेवाचे मोठे मंदिर उभारले होते. म्हणून ख्रिस्ती लोकांनी सूर्याच्या सणावर आपला सण बसवला, असे म्हणतात. असू शकेल. पण गंमत अशी की, सूर्याच्या त्या तारखेच्या उत्सवाचा आज हाती असलेला सर्वात जुना लेखी पुरावाही ३५४ चाच हा ग्रंथ! दोन्ही नोंदी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी, मग कोणी कोणाचे घेतले हे छातीठोकपणे कसे सांगणार? दुसरी बाजू हिशेबाची आहे. प्रभूचे मरण २५ मार्चला झाले, असे पश्चिमेकडे तेर्तुल्लियन यांच्या काळापासून, म्हणजे सन २०० च्या सुमारापासून मानले जाई. ज्या दिवशी मरण त्याच दिवशी गर्भधारणा, अशी समजूत त्याला जोडा, नऊ महिने मोजा, तुम्ही बरोबर २५ डिसेंबरला पोहोचता. पूर्वेकडे मरणाची तारीख ६ एप्रिल धरणारे होते. तिथून नऊ महिने मोजले की ६ जानेवारी! दोन्ही तारखा एकाच पद्धतीने सुटतात, म्हणून मला स्वतःला हिशेबाची बाजू जड वाटते. पण हा वाद अजून मिटलेला नाही, हेही मी त्या मुलाला सांगितले.

आता जॉन यांच्याकडे वळू. २० डिसेंबरला अंत्युखियाचे पूर्वीचे बिशप संत फिलोगोनियस यांचा सण होता. त्या दिवशी जॉन यांनी संताविषयी थोडेसे बोलून बाकीचे बिशपांवर सोपवले आणि पाच दिवसांनी येणाऱ्या सणाकडे लोकांचे लक्ष वेधले. या सणाला त्यांनी सर्व सणांची आई ठरवले. जन्म नसता तर स्नानसंस्कार नाही, क्रूस नाही, ईस्टर नाही, पेन्टेकॉस्टही नाही, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. हे पाच दिवस मन धुण्यासाठी वापरा, असेही त्यांनी बजावले.

मग २५ डिसेंबर उजाडला. चर्च गच्च भरले होते. एखाद्या नव्या धर्मगुरूने अशा वेळी वादाचा विषय टाळला असता. जॉन यांनी तो वेदीसमोरच काढला. हा सण आपल्याला माहीत होऊन अजून दहा वर्षेही झाली नाहीत, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. शहरात दोन तट पडले होते. एक म्हणे, हे नवीन खूळ कुठून आणले? दुसरा म्हणे, नवीन कसले, पश्चिमेकडे थेट स्पेनच्या टोकापर्यंत हे केव्हापासून चालत आले आहे. जॉन दुसऱ्या बाजूचे होते. पण पहिल्यांना त्यांनी अश्रद्ध म्हटले नाही, त्यांच्यापुढे तीन पुरावे मांडले.

पहिला पुरावा असा की, हा सण इतक्या झपाट्याने पसरला, तो माणसाचा बेत असता तर टिकला नसता. प्रेषितांच्या कार्यातील गमलिएल या शास्त्र्याचा युक्तिवाद त्यांनी इथे वापरला. दुसरा पुरावा कैसराच्या शिरगणतीचा. तिचे दप्तर रोममध्ये आहे, ज्याला हवे त्याने पाहावे, असे ते म्हणाले. ते स्वतः रोमला कधी गेले नव्हते आणि असे दप्तर आपल्यापर्यंत पोहोचलेलेही नाही.

तिसरा पुरावा त्यांचा सर्वात आवडता. संत लूक सांगतात, जखऱ्या मंदिरात धूप जाळत असताना देवदूताने त्याला योहानाच्या जन्माची बातमी दिली. जॉन यांनी हा प्रसंग प्रायश्चित्ताच्या मोठ्या दिवसाचा धरला, जेव्हा प्रमुख याजक वर्षातून एकदाच परमपवित्रस्थानात जात असे. तो दिवस सप्टेंबरच्या सुमारास येतो. म्हणजे एलिझाबेथला दिवस गेले ते त्यानंतर. तिच्या सहाव्या महिन्यात गाब्रिएल मरियेकडे आला, म्हणजे मार्चअखेर. पुढे नऊ महिने मोजले की डिसेंबर! श्रोते खूष झाले असतील. पण या हिशेबात चूक आहे. जखऱ्या प्रमुख याजक नव्हता. तो अबियाच्या वर्गातला साधा याजक, चिठ्ठी निघाली म्हणून त्या दिवशी धूप जाळायला आत गेला. धूपाची वेदी परमपवित्रस्थानाबाहेर होती आणि तेथे रोज सकाळ-संध्याकाळ धूप जळे. याजकांचे चोवीस वर्ग, प्रत्येकाची पाळी वर्षातून दोन वेळा. तेव्हा हा प्रसंग नेमका कोणत्या महिन्यातला, हे लूकच्या शुभवर्तमानावरून ठरत नाही.

एवढ्या मोठ्या संताची चूक मुलांना दाखवावी का, असे मला एका भगिनीने विचारले. मला वाटते दाखवावी. जॉन यांची श्रद्धा त्या हिशेबावर टांगलेली नव्हती. प्रवचनाच्या शेवटी ते तारीख सोडून ख्रिस्तप्रसादाकडे वळले, तेव्हा त्यांचा सूरच बदलला. आपल्यापुढची ही वेदी म्हणजेच गव्हाण, प्रभू आजही इथे ठेवला जातो, असे त्यांनी २० डिसेंबरच्या प्रवचनातच सांगितले होते. आता त्यांनी कानउघाडणी केली. सणाच्या दिवशी लोक ख्रिस्तप्रसादासाठी ढकलाढकली करीत, लाथा मारीत, आरडाओरडा करीत पुढे घुसत होते! मध्यरात्रीच्या मिस्सेला दाराशी उभे राहणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांना हे वाचून हसू येईल. काहीच दिवसांनी, १ जानेवारीला, ते पुन्हा कडाडले. नव्या वर्षाच्या नावाने रात्रभर चालणारे पिणे आणि बाजारातली रोषणाई हा त्या दिवशीचा विषय होता.

त्यांच्या चरित्रात एक काळा डागही आहे. त्याच ३८६ च्या शरदात त्यांनी यहुदी सणांना जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांविरुद्ध प्रवचने दिली. त्यांत यहुदी लोकांविषयी फार कठोर भाषा आहे आणि पुढच्या शतकांत द्वेष पसरवणाऱ्यांनी तिचा उपयोग केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ज्या वृत्तीचा निषेध केला, तीच ही वृत्ती. सणांची चुरस माणसाला कुठे नेते, ते इथे दिसते.

पुढचे आयुष्य वादळी होते. ३८७ मध्ये करवाढीमुळे भडकलेल्या जमावाने सम्राटाचे पुतळे फोडले आणि सारे शहर शिक्षेच्या भीतीने थरथरू लागले. म्हातारे बिशप फ्लेवियन क्षमा मागण्यासाठी राजधानीला गेले आणि इकडे जॉन यांनी संपूर्ण उपवासकाळ प्रवचनांनी लोकांना धीर दिला. ईस्टरपर्यंत क्षमा मिळाली. ३९७ मध्ये त्यांना शहराबाहेर बोलावून, लोकांना पत्ता लागू न देता, कॉन्स्टँटिनोपलला नेण्यात आले. ३९८ मध्ये ते तेथील बिशप झाले. त्यांनी बिशपवाड्यातील मेजवान्या बंद केल्या, खर्च कापला आणि तो पैसा रुग्णालयांकडे वळवला. श्रीमंतांना ते आवडले नाही, सम्राज्ञी युडॉक्सियाला तर नाहीच. अलेक्झांड्रियाचे बिशप थिओफिलस यांनी ४०३ मध्ये सभा भरवून त्यांना पदच्युत केले. ते हद्दपार झाले, लगेच परतही बोलावले गेले, पण ४०४ मध्ये पुन्हा हद्दपारी आली ती कायमची. 'क्रिझोस्तोम', म्हणजे सुवर्णमुखी, हे नाव त्यांना मृत्यूनंतर मिळाले. हयातीत त्या मुखाने शत्रूच अधिक जोडले.

डोंगराळ कुकुसस गावी त्यांचे हिवाळे गेले. ऑलिंपियास या सेविकेला लिहिलेल्या त्यांच्या पत्रांतून ते दिवस कळतात. बर्फ, डोकेदुखी, उलट्या, खोलीत कोंडलेला धूर आणि पांघरुणे घेऊन अंथरुणावर पडून राहणे. लुटारूंच्या भीतीने एका हिवाळ्यात तर गाव सोडून पळावे लागले. डिसेंबरमध्ये ज्या सणासाठी त्यांनी एवढा युक्तिवाद केला, तो त्यांनी तिथे कसा साजरा केला असेल, हा विचार माझ्या मनात दर नाताळला येतो. ४०७ मध्ये त्यांना आणखी दूर, काळ्या समुद्राकाठी पिटियसला चालवत नेण्याचा हुकूम झाला. वाटेतच कोमाना येथे १४ सप्टेंबरला त्यांनी प्राण सोडला.

त्यांच्या सणाने मात्र मुक्काम गाठला. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाने २५ डिसेंबर स्वीकारला, जेरुसलेमने सहाव्या शतकात. आर्मेनियन ख्रिस्तसभा अजूनही ६ जानेवारीच पाळते, कोलकात्याच्या आर्मेनियन चर्चमध्येसुद्धा. जुने पंचांग वापरणाऱ्या ऑर्थोडॉक्स बंधूंचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. युक्रेनच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने २०२३ मध्ये आपला नाताळ तिथून हलवून २५ डिसेंबरला आणला. खुद्द बेथलेहेमच्या जन्मस्थानाच्या चर्चमध्ये कॅथोलिक, ग्रीक ऑर्थोडॉक्स आणि आर्मेनियन असे तीन नाताळ तीन तारखांना होतात आणि तिसरा उजाडेपर्यंत जानेवारीची १९ तारीख आलेली असते.

संत जॉन यांचे अवशेष ४३८ मध्ये युडॉक्सियाचा मुलगा सम्राट दुसरा थिओडोसियस याने सन्मानाने कॉन्स्टँटिनोपलला आणवले आणि आईवडिलांच्या अपराधाबद्दल शवपेटीसमोर क्षमा मागितली. पुढे ते अवशेष रोमला गेले आणि तिथेच राहिले. २७ नोव्हेंबर २००४ रोजी, आगमनकाळाच्या उंबरठ्यावर, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्या हाती सोपवले. आज ते इस्तंबूलच्या संत जॉर्ज चर्चमध्ये आहेत. त्या चर्चमध्ये नाताळ २५ डिसेंबरलाच असतो.