रघुनाथ धोंडो कर्वे : संततिनियमनाचे आद्य प्रचारक

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. परंतु संततिनियमनाच्या जाहीर प्रचारामुळे त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यात पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ लाभली.

त्या काळी गर्भनिरोधक गोळ्या नव्हत्या. महात्मा गांधी संयमाचा पुरस्कार करीत. कर्व्यांचा भर कृत्रिम साधनांवर होता. संयम काय किंवा पुरुषाने वापरावयाचे साधन काय, दोन्ही पतीच्या इच्छेवर अवलंबून. गर्भाशयाच्या मुखावर बसवावयाची रबरी टोपी स्त्रीच्या स्वाधीन असे. मात्र तिचे योग्य माप व ती बसवण्याची रीत जाणकाराकडून समजून घ्यावी लागे. म्हणजेच साधनाइतकेच त्याविषयीचे ज्ञान महत्त्वाचे होते.

या ज्ञानाच्या प्रसारासाठी त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झालाच. मासिक मात्र कर्व्यांच्या निधनापर्यंत चालू राहिले. मातृत्वाचा निर्णय स्त्रीचा आहे, हा विचार त्यांनी मराठी वैचारिक गद्यात निर्भयपणे मांडला.