रेव्हरंड टिळक : वेतनत्याग आणि देवाचा दरबार

नारायण वामन टिळक यांचे चरित्र लिहिताना १० फेब्रुवारी १८९५ हा त्यांच्या बाप्तिस्म्याचा दिवस केंद्रस्थानी ठेवण्याची प्रथा आहे. त्या मानाने १९१७ मधील त्यांच्या निर्णयाचा विचार ओझरताच होतो. त्या वर्षी त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचे वेतन सोडले. पंचावन्न वर्षांच्या, पदरी संसार असलेल्या गृहस्थाने केलेला हा त्याग केवळ वैराग्याच्या लहरीतून झाला असे म्हणता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या टिळकांच्या हाती पैसा कधीच टिकला नाही. मागणारा समोर आला की घरात काय शिल्लक आहे हे न पाहता देऊन टाकावे, हा त्यांचा स्वभाव धर्मांतरापूर्वीपासूनचा. त्याची झळ अर्थातच लक्ष्मीबाईंना लागे. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे हसतखेळत सांगितले असले, तरी त्या हसण्याखाली रिकाम्या डब्यांचा हिशेब आहे, हे वाचकाने विसरू नये. १९०० मध्ये त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या आणि मग अनाथ मुले, पाहुणे, कवी यांनी नगरचे घर भरून गेले. बालकवी ठोमरे यांनाही त्या घरी आसरा मिळाला. दाता म्हणून नाव टिळकांचे झाले. रांधले, वाढले आणि निभावले ते लक्ष्मीबाईंनी.

मिशनच्या व्यवस्थेत दानाचा प्रवाह एकाच दिशेने वाहत होता. अमेरिकेतील मंडळ्यांनी वर्गणी पाठवावी, मिशनऱ्यांनी ती वाटावी आणि एतद्देशीय उपदेशकांनी व शिक्षकांनी वेतन घ्यावे, असा क्रम होता. मंडळीतील बहुसंख्य लोक अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले, दुष्काळांनी खचलेले. त्यांनी काही द्यावे ही अपेक्षा वरवर निष्ठुर वाटते. परंतु जी मंडळी केवळ घेते ती स्वतःची होत नाही, असे टिळकांचे मत बनत गेले. १९०४ मध्ये दीक्षित पाळक झालेल्या आणि पुढे ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग सांभाळणाऱ्या टिळकांना ही परावलंबी स्थिती आतून ठाऊक होती, ते स्वतः त्याच वेतनावर जगत होते.

यावर त्यांनी शोधलेला मार्ग वारकरी परंपरेशी नाते सांगतो. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा प्रसिद्धच आहे. साताऱ्यास उभारलेल्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. तेथे निर्वाह ठरलेल्या पगारावर नव्हे, तर स्वेच्छेने येईल त्यावर चालावा ही कल्पना. कीर्तनकाराला गाव जेवू घालते, त्या रीतीशी तिचे साम्य उघड आहे. मात्र कीर्तनकाराचे गाव पिढ्यान्‌पिढ्यांचे असते. टिळकांना ते नव्याने वसवायचे होते.

ते वसवण्यास अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबाराला संस्थेचे स्थिर रूप आले नव्हते आणि ‘ख्रिस्तायन’ही अपुरेच राहिले होते. पुढे ते काव्य पूर्ण करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले.